पेशीतला हिरवा उजेड आणि बाबांच्या गोळ्या

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दहावीनंतर जीवशास्त्राशी माझा संबंध सुटला तो सुटलाच. आमच्या घरात पेशी, प्रथिनं, एन्झाइम ही भाषा बोलणारी एकच व्यक्ती, माझी धाकटी बहीण. ती इथेच, हैदराबादेतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती लॅपटॉप आणि हार्ड डिस्क घेऊन काचीगुड्याच्या घरी आली आणि पानं मांडायच्या आतच म्हणाली, "दादा, एक काम आहे. फोटोतल्या पेशी किती हिरव्या दिसतात ते मोजायचंय. हजाराच्या वर फोटो आहेत. हाताने करत बसले तर दिवाळी उजाडेल."

काम सोपं वाटलं. मी हो म्हटलं. मग विचारलं, "पण हिरवं म्हणजे नक्की काय?"

ती सांगू लागली. पेशींना मुद्दाम त्रास देणारं एक रसायन घालायचं, म्हणजे त्यांच्यात फ्री रॅडिकल्स वाढतात. काही पेशींना त्याच्या आधी शेवग्याच्या पाल्याचा अर्क द्यायचा. मग सगळ्यांमध्ये एक खास रंग सोडायचा, फ्री रॅडिकल्स जास्त तिथे हिरवा उजेड जास्त. अर्क दिलेल्या पेशी कमी चमकल्या, तर शेवग्याने त्यांना वाचवलं असं म्हणता येईल.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. निवृत्त झाल्यापासून जेवणानंतर ते एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घेतात. कोणा मित्राने सुचवलेली, डॉक्टरांनी नव्हे. डबीवर ठळक अक्षरात लिहिलंय, ‘फ्री रॅडिकल्सशी लढा’. त्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे माझ्या गोळ्या काम करतात की नाही ते तुझ्या मशीनमध्ये दिसतं?"

"तसंच काहीसं, बाबा," ती म्हणाली आणि पोळी वाढून घेतली.

त्या ‘तसंच काहीसं’ने पुढचे दोन महिने आम्हा दोघांची झोप घालवली.

उंदीर आणि कणीक

आधी हे फ्री रॅडिकल्स प्रकरण काय आहे ते बहिणीने मला समजावलं तसं सांगतो.

आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीतल्या तंतुकणिकांपर्यंत पोचतो. तिथे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजन ते घेतो. ऑक्सिजनच्या एका रेणूला असे चार इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं पाणी होतं आणि या व्यवहारातून आपल्याला ऊर्जा मिळते. पण मध्येच एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि ऑक्सिजनला एकटाच चिकटतो. त्यातून तयार होतं सुपरऑक्साइड. आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला की हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो. तो या कुटुंबातला सर्वांत तापट. समोर जे येईल त्याच्यावर तुटून पडतो, मग ते पेशीचं आवरण असो की डीएनए. या सगळ्या मंडळींना मिळून ‘रिॲक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज’ किंवा आरओएस म्हणतात. यातला हायड्रोजन पेरॉक्साइड खरं तर रॅडिकल नाहीच, पण जाहिरातीत सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात.

शरीरात हे खरोखर तयार होतं याचा भक्कम पुरावा १९६९ मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणं हेच काम असलेलं एक एन्झाइम आपल्या शरीरात आहे. चौकीदार नेमलाय, म्हणजे चोर येत असणारच.

अडचण अशी की हे चोर दिसत नाहीत. हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं. पेरॉक्साइड त्या मानाने टिकतं, पण पेशीत त्याचं प्रमाण अगदी थोडं आणि ते फोडणारी एन्झाइम्स भरपूर. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की पांढरा फेस येतो ना, ते आपल्या रक्तापेशींतलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करत असतं.

मग जिवंत पेशीत हे बघायचं कसं? मला आजीची युक्ती आठवली. उंदीर कुठून येतो ते कळत नसलं की ती रात्री फडताळापुढे थोडी कणीक भुरभुरायची आणि सकाळी पावलं बघायची. उंदीर दिसत नसे, ठसे दिसत. बहीण म्हणाली, "अगदी बरोबर. माझा रंग म्हणजे ती कणीक."

हळद चमकते तशी

या कणकेचं नाव लांबलचक आहे, डायक्लोरोडायहायड्रोफ्लुओरेसिन डायॲसिटेट. सगळे डीसीएफडीए म्हणतात. तिची करामत अशी. तिला दोन ॲसिटेट गट जोडलेले असतात, त्यामुळे ती पेशीच्या तेलकट आवरणातून सहज आत शिरते. आत गेल्यावर पेशीतली एन्झाइम्स ते दोन्ही गट कापून टाकतात. आता ती पाण्यात रमणारी होते आणि बाहेर पडणं तिला अवघड जातं. या अवस्थेत ती चमकत नाही. मग एखाद्या आरओएसने तिचे इलेक्ट्रॉन हिसकावले, की तिचं डीसीएफ होतं आणि ते चमकतं.

चमकणं म्हणजे इथे फ्लुओरेसन्स. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि दुसऱ्या रंगाचा परत द्यायचा. डीसीएफवर सुमारे ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला की ते सुमारे ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतं. मायक्रोस्कोपमध्ये निळा गाळून टाकला की काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या पेशी उरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गच्चीवरून दिसणारं दिवाळीतलं शहर आठवलं.

या रंगाचा इतिहास गमतीचा आहे. १९६५ मध्ये केस्टन आणि ब्रँट या दोघांनी तो हायड्रोजन पेरॉक्साइडचं अतिशय सूक्ष्म प्रमाण मोजायला वापरला, पण परीक्षानळीत. त्यात पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइमही घातलेलं असे, कारण पेरॉक्साइड एकटं या रंगावर जवळजवळ काहीच करू शकत नाही. त्याला मध्यस्थ लागतो. पुढे १९८३ च्या सुमारास हाच रंग रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये वापरला गेला आणि तिथून तो जगभरच्या प्रयोगशाळांत पसरला. स्वस्त, सोपा आणि फोटोत सुंदर दिसणारा. परीक्षानळीत मध्यस्थ कोण हे आपल्याला ठाऊक असतं, कारण तो आपणच घातलेला असतो. पेशीत तो कोण असेल, किती असेल, हे आपल्या हातात राहत नाही.

पण हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त कोड लिहीत होतो.

पायऱ्या फारच सुबक होत्या

बहीण पेशी वाढवते ती प्लेट म्हणजे एक छोटंसं अप्पेपात्र समजा, फक्त प्लास्टिकचं आणि ९६ खळग्यांचं. आठ ओळी, बारा रांगा. तिने पहिल्या चार रांगांत निरोगी पेशी ठेवल्या होत्या, मधल्या चारांत अर्क आणि त्रास दोन्ही दिलेल्या, शेवटच्या चारांत फक्त त्रास दिलेल्या. मायक्रोस्कोप स्वयंचलित. एकेका खळग्याचा फोटो काढत पहिल्या रांगेपासून बाराव्यापर्यंत जायचा. एका प्लेटला पाऊण तासाच्या वर लागायचा. अशा बारा प्लेटी, एकूण १,१५२ फोटो.

माझा प्रोग्राम आठवड्यात तयार झाला. निकालही हवा तसा आला. निरोगी पेशी मंद, अर्कवाल्या मध्यम, त्रासवाल्या झगझगीत. तीन सरळ पायऱ्या. फोनवर तिचा आवाज ऐकायला हवा होता. हे तिच्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण होतं, एका परिषदेसाठी पोस्टरही पाठवून झालं होतं.

मला मात्र नोकरीने एक खोड लावली आहे. निकाल हवा तसाच आला की मी लॉग उघडून बघतो. सहज म्हणून मी उजेडाचा आलेख गटाप्रमाणे न काढता फोटोच्या वेळेप्रमाणे काढला. पहिला फोटो डावीकडे, शहाण्णवावा उजवीकडे. पायऱ्या दिसल्याच नाहीत. दिसली डावीकडून उजवीकडे चढत जाणारी एक तिरकी रेघ. पहिल्या चार रांगांतल्या सगळ्या पेशी सारख्याच, निरोगी. त्यांना काहीही दिलेलं नाही. तरी पहिल्या रांगेपेक्षा दुसरी उजळ, दुसरीपेक्षा तिसरी, तिसरीपेक्षा चौथी. बाराही प्लेटींत तेच.

आधी वाटलं माझ्या कोडमध्येच चूक आहे. दोन रात्री ती शोधली. सापडली नाही. मग तिला फोन केला.

"तू फोटो नेहमी याच क्रमाने काढतेस?"

"हो. का?"

मी आलेख पाठवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तुला बायोलॉजी कळत नाही," आणि फोन ठेवला.

रागावणं साहजिक होतं. सहा महिने ती रात्री अकरापर्यंत लॅबमध्ये थांबत होती. आई मला म्हणाली, "कशाला तिच्या कामात नाक खुपसतोस? मोजायला सांगितलं होतं, मोजून द्यायचं." मलाही वाटलं, खरंच गप्प बसायला हवं होतं का? पण रेघ दिसली होती. दिसल्यावर न दिसल्यासारखं कसं करणार?

चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. ती तिच्या मॅडमना भेटली होती. मॅडमनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला होता, "रिकामे खळगे कुठे आहेत?" म्हणजे ज्यांत पेशीच नाहीत, फक्त द्रव आणि रंग आहे, असे खळगे. ते तिने ठेवलेच नव्हते. प्रत्येक प्लेटीत जागा वाचवायची म्हणून.

पुढच्या वेळी ठेवले. पेशी नसलेल्या खळग्यांतही हिरवा उजेड हळूहळू वाढत होता.

कणीकच उंदीर बोलावते

हा दोष या रंगाच्या स्वभावात आहे आणि जाणकारांना तो बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. डीसीएफडीएचा रंग हवेतल्या ऑक्सिजनने आपोआपही थोडा थोडा बदलतो. त्यावर प्रकाश पडला की जास्त बदलतो, आणि गंमत म्हणजे मोजायला तर प्रकाश टाकावाच लागतो. जितका वेळ थांबाल तितका उजेड वाढेल. बहिणीच्या प्लेटीत त्रासवाल्या पेशींचा नंबर नेहमी शेवटी, म्हणून त्यांना पाऊण तासाचा फुकटचा उजेड मिळत होता. अर्कवाल्या मध्ये, म्हणून मध्यम. आमच्या सुबक पायऱ्या बऱ्याच अंशी रांगेत उभं राहण्याच्या क्रमाच्या होत्या.

आणखी एक भानगड आहे. हा रंग बदलताना मध्येच त्याचा स्वतःचाच एक रॅडिकल तयार होतो. तो ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून सुपरऑक्साइड आणि मग पेरॉक्साइड बनतं. म्हणजे जे मोजायचं तेच हा रंग स्वतः तयार करतो. आजीच्या भाषेत सांगायचं तर उंदराची पावलं बघायला कणीक भुरभुरली आणि कणकेच्या वासाने शेजारचे उंदीरही आले.

आणि ठसे उंदराचेच असतील असंही नाही. पालही त्यावरून जाऊ शकते. मरणाऱ्या पेशीत तंतुकणिकांमधून सायटोक्रोम सी नावाचं लोहयुक्त प्रथिन बाहेर पडतं, तेही हा रंग झपाट्याने पेटवतं. तेव्हा पेशी जास्त हिरवी दिसली तर पेरॉक्साइड वाढलं, की लोह मोकळं झालं, की पेशी मरायला लागली, हे नुसत्या हिरव्या रंगावरून सांगता येत नाही.

तिने प्रयोग पुन्हा केला. या वेळी क्रम मी प्रोग्रामने फेटून दिला, पत्ते पिसावेत तसा. एकाच गटाचे खळगे प्लेटभर विखुरले. रिकामे खळगे, नुसत्या अर्काचे खळगे, रंग न घातलेल्या पेशी, सगळं ठेवलं. काही खळग्यांत मुद्दाम पेरॉक्साइड घातलं, काहींत ते फोडणारं कॅटलेज. याला पाच आठवडे गेले. त्रास दिलेल्या पेशी निरोगी पेशींपेक्षा खरंच जास्त चमकत होत्या, तेवढं टिकलं. शेवग्याच्या अर्काचा फायदा मात्र विरून गेला. अर्कवाल्या आणि बिनअर्कवाल्या पेशींत सांगण्यासारखा फरक उरला नाही.

पोस्टर तिने मागे घेतलं. त्या संध्याकाळी ती घरी आली, काही न बोलता आईजवळ बसून राहिली. त्या दिवशी नेमकी शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. बाबा म्हणाले, "यात शेवग्याचा काय दोष?" तेव्हा कुठे ती हसली. बाबांचं बरोबर होतं. एका प्रकारच्या पेशींवरच्या एका प्रयोगावरून ताटातल्या शेवग्याबद्दल चांगलंही सिद्ध होत नाही आणि वाईटही.

एकाच ठशावर विसंबायचं नाही

मग शास्त्रज्ञ करतात तरी काय? वेगवेगळ्या कणका वापरतात आणि प्रत्येकीचा स्वभाव ओळखून वापरतात.

सुपरऑक्साइडसाठी डायहायड्रोएथिडियम नावाचा रंग आहे. तो लाल चमकतो. पण त्याच्यापासून दोन लाल पदार्थ बनतात. एक फक्त सुपरऑक्साइडशी गाठ पडल्यावर, दुसरा इतर कारणांनी. मायक्रोस्कोपमध्ये दोन्ही लाल दिसतात, त्यांचा निवाडा डोळ्यांनी होत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये काम करणारे बालरामन कल्याणरामन आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत की पेशी फोडून, क्रोमॅटोग्राफीने दोन्ही पदार्थ वेगळे करून मोजा, नुसत्या लालीवर जाऊ नका.

पेरॉक्साइडसाठी बर्कलीच्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने २००४ मध्ये बोरॉनचं कुलूप असलेले रंग आणले. पेरॉक्साइड हे कुलूप उघडतं आणि रंग चमकतो. डीसीएफडीएपेक्षा हे पुष्कळ नेमके. तरी त्यांच्यावरही डोळे मिटून भरवसा टाकता येत नाही, कारण पेरॉक्सिनायट्राइट नावाचा दुसरा एक पदार्थ हेच कुलूप सुमारे दहा लाख पट वेगाने उघडतो.

मला सर्वांत आवडलं ते हायपर. २००६ मध्ये मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी ते तयार केलं. जिवाणूंमध्ये पेरॉक्साइड ओळखणारं एक प्रथिन असतं. त्याच्या पोटात त्यांनी चमकणारं पिवळं प्रथिन बसवलं. हे चमकणारं प्रथिन मुळात जेलीफिशकडून आलेल्या कुळातलं, ज्या शोधाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हायपर बाहेरून घालावं लागत नाही, त्याचं जनुक दिलं की पेशी ते स्वतः बनवते. शिवाय दोन वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात बघून गुणोत्तर काढायचं असतं, त्यामुळे एखाद्या पेशीत ते जास्त भरलंय की कमी, याने निकाल बिघडत नाही. त्याचीही एक खोड आहेच. पेशीतली आम्लता बदलली की ते फसतं.

याच हायपरने २००९ मध्ये एक सुंदर गोष्ट दाखवली. झेब्राफिश हा आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांतला बोटभर मासा. त्याची पिल्लं पारदर्शक असतात. बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी पिल्लाच्या शेपटीचं टोक किंचित कापलं आणि बघत राहिले. काही मिनिटांतच जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढलं, वीसेक मिनिटांत शिगेला पोचलं. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यानंतर तिकडे धावल्या. म्हणजे पेरॉक्साइड पांढऱ्या पेशींनी आणलेलं नव्हतं, जखमी त्वचेनेच ते बनवून त्यांना हाक मारली होती. ते बनवणारं एन्झाइम बंद पाडलं तर पांढऱ्या पेशी नीट येईनात. बाबांच्या डबीवरचा खलनायक इथे चक्क निरोप्याचं काम करत होता.

उजेड नसणं हाच आजार

हे सगळं मासे आणि अप्पेपात्रापुरतं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण याच जातीच्या एका रंगावर खऱ्या मुलांचं निदान होतं.

आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळल्यावर एका खास एन्झाइमने भराभर सुपरऑक्साइड तयार करतात. मुद्दाम. जंतू मारण्यात त्याचा मोठा वाटा असतो. काही मुलांमध्ये जन्मतः हे एन्झाइम बिघडलेलं असतं. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. दुर्मीळ आहे. या मुलांना पुन्हा पुन्हा गाठी, यकृतात गळू, फुप्फुसात बुरशीचा संसर्ग होतो आणि कारण कळेपर्यंत घरचे दवाखान्यांचे उंबरे झिजवतात.

तपासणी रक्ताच्या लहानशा नमुन्यावर होते. त्यात डायहायड्रोऱ्होडामिन हा रंग घालतात आणि एका रसायनाने पांढऱ्या पेशींना डिवचतात. निरोगी पेशी आरओएस बनवतात, रंग हिरवा पेटतो. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात पेशी एकामागून एक लेझरपुढून जातात. निरोगी माणसाच्या आलेखातला उंचवटा डिवचल्यावर उजवीकडे, उजेडाकडे सरकतो. आजारी मुलाचा जागचा हलत नाही.

या आजाराचा एक प्रकार आईकडून एक्स गुणसूत्रावर येतो. आईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे तिच्या काही पेशी पेटतात, काही नाही. तिच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात. एका बाईच्या रक्तात तिच्या मुलाच्या आजाराचं मूळ असं दोन टेकड्यांसारखं दिसतं, हे बहिणीने सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. निदान वेळेवर झालं तर या मुलांना रोजची प्रतिजैविकं आणि बुरशीविरोधी औषधं देऊन जपता येतं, काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरंही करता येतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही अशा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या निदानासाठी देशातली नावाजलेली संस्था आहे.

इथेही कणकेचा स्वभाव विसरून चालत नाही. हा रंग पेटायला पेशीतलं मायलोपेरॉक्सिडेज नावाचं दुसरं एन्झाइमही लागतं. काही लोकांमध्ये नेमकं तेच नसतं. त्यांचा आलेखही मंद येतो, पण त्यांना हा आजार नसतो. म्हणून एका आलेखावर निकाल लावत नाहीत, पुढच्या तपासण्या करतात.

बाबांच्या गोळ्या

बाबा सगळं ऐकून एक दिवस म्हणाले, "ते राहू दे. मी गोळ्या घेऊ की नको ते सांग."

फ्री रॅडिकल्समुळे म्हातारपण येतं ही कल्पना १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी मांडली. त्यावरून अँटिऑक्सिडंट घेतले की आजार टळतील असा विचार पुढे आला. विचार पटण्यासारखा होता, म्हणून तो माणसांवर तपासला गेला. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर अशीच चाचणी चालू होती. त्यात आजी-माजी धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार होते. बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्के जास्त निघाला आणि जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

या चाचण्या धूम्रपान करणाऱ्यांवरच्या आणि ठरावीक गोळ्यांच्या आहेत, त्यावरून प्रत्येक गोळी घातक ठरत नाही. पण एवढं कळतं की पेशी कमी हिरवी दिसली म्हणजे माणूस जास्त जगेल, हा हिशेब चुकीचा आहे. मधे फार पायऱ्या आहेत.

बाबांनी चाळीस वर्षं बँकेत खाती जुळवली आहेत. ते म्हणाले, "म्हणजे बॅलन्स जुळतोय, पण नोंदी तपासलेल्या नाहीत." डबी घेऊन ते आमच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ती बंद करायला सांगितली, बीपीची गोळी मात्र न चुकता घ्या म्हणाले. तुमच्या घरी अशी डबी असेल तर तुम्हीही डॉक्टरांनाच विचारा, माझ्यासारख्या इंजिनिअरच्या लेखावरून काही बंद करू नका आणि सुरूही करू नका.

बहिणीने ते प्रकरण टाकून दिलं नाही. अर्काचा परिणाम दिसला नाही, आधी का दिसला होता आणि रिकाम्या खळग्यांनी काय सांगितलं, असं सगळं लिहून काढलं. तिच्या लॅबमध्ये आता नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला माझा क्रम फेटणारा प्रोग्राम दिला जातो. माझ्या ऑफिसात ग्राहकाने इतकं कौतुक कधी केलं नाही.

जाता जाता मुलांसाठी एक खेळ. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च घ्या. काचेच्या वाटीत चमचाभर सॅनिटायझर घ्या, त्यात चिमूटभर हळद घाला, खोलीत अंधार करून टॉर्च मारा. पिवळसर हिरवा उजेड येईल, हळदीतलं कर्क्युमिन चमकतं. गॅसपासून दूर बसा, टॉर्च कोणाच्या डोळ्यांत मारू नका. मुलांचे पांढरे शर्टही निळे चमकतील, तो साबणातल्या उजळ करणाऱ्या द्रव्याचा प्रताप.

फक्त एक करा. हळद घालायच्या आधी नुसत्या सॅनिटायझरवर आणि रिकाम्या वाटीवर टॉर्च मारून बघा. माझा आठ वर्षांचा मुलगा विचारत होता, "बाबा, तिथे तर काहीच नाहीये, मग कशाला बघायचं?" मी त्याला आत्याकडे पाठवलं.